सल्ला जरूर द्या, पण तोंडी!

प्रति,
माननीय सदस्य,
मुंबई वारसा जतन समिती

विषय : आभार आणि एक किरकोळ तक्रार

सा. न. वि. वि.

मी एक साधा पुनर्विकासक. जुनी इमारत दिसली की मला गहिवरून येतं, भूखंड कोपऱ्याचा असेल तर जरा जास्तच.

1995 साली मुंबईत वारसा नियमावली आली, तेव्हा आमच्या धंद्यातल्या बुजुर्गांच्या पोटात गोळा आला होता म्हणे. मग कुणीतरी तेव्हाचा नियम 67 बारकाईनं वाचला : समितीनं द्यायचा तो सल्ला, निर्णय महापालिका आयुक्तांचा. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. 1999 साली तर वारसा यादीतल्या श्रेणी तीनमधल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतींच्या पुनर्विकासातून आपल्या समितीला वगळलंच. केवढी ही सोय!

खिडकीची चौकट सागवानीच हवी, कठडा बिडाचाच हवा, यावर आपण खल करता. तोवर आमचं काम पाऊस करतो. गच्चीची पन्हळ तुंबू द्यायची. सज्जाच्या फटीत पिंपळ रुजला तर धर्मभावनेनं त्याला हात लावायचा नाही. काही पावसाळ्यांत भिंतीत शिरलेलं तुळईचं टोक भुसभुशीत होतं. मग दारावर ‘सी-1’, म्हणजे अतिधोकादायक, अशी नोटीस डकवली की श्रेणी कोण विचारतो?

काळ्या घोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल पाहा. सांगाडा इंग्लंडहून आणलेल्या ओतीव लोखंडाचा. 7 जुलै 1896 ला ल्युमिएर बंधूंची चलतचित्रं तिथेच दाखवली गेली. श्रेणी दोन-अ. तरीही मोडकळीला आलंच. यादीत नाव आहे म्हणून छप्पर गळायचं थोडंच थांबतं?

तक्रार एवढीच. आपला सल्ला डावलायचा, तर तो अपवादात्मक परिस्थितीत आणि लेखी कारण नोंदवूनच, असं नियमावलीत कुणीतरी घुसडून ठेवलंय. वर आयुक्तांनी हा अधिकार दुसऱ्या अधिकाऱ्याकडे सोपवायचाही नाही! कारण लिहिलं की खाली सही येते, सहीमागून माहिती अधिकाराचा अर्ज येतो, आणि अर्जामागून उच्च न्यायालय. नुसत्या सल्ल्याला एवढे दात कशाला?

तेव्हा विनंती, की सल्ला चहा घेता घेता तोंडीच द्यावा. इतिवृत्त तर मुळीच लिहू नये. त्या बदल्यात आमच्या प्रत्येक नव्या टॉवरच्या नावात ‘हेरिटेज’ हा शब्द असेल, अशी हमी देतो. हवी तर लेखी.

आपला नम्र,
एक वारसाप्रेमी पुनर्विकासक