लाइन लागली का?

इंग्रजीत लाइन ना बाई, ना पुरुष. मराठीत आली आणि बाई झाली. रेषा, ओळ, रांग, तार या घरच्या चौघींनी तिला आपल्यात ओढून घेतलं असणार. पण पाहुणी म्हणून आलेली ही बया इतकी कर्ती निघाली, की आता चौघींना फारसं काम उरलेलं नाही. रेषा भूमितीच्या पुस्तकात आणि तळहातावर असते, ओळ वहीत. रांग तर फक्त पाटीवर जगते. 'कृपया रांगेत उभे राहा' या पाटीखालीच उभा असलेला माणूस मागच्याला दटावतो, "ओ काका, लाइनीत या!"

तिचं माहेर तसं साधं. लॅटिनमध्ये जवसाला 'लीनम' म्हणतात, जवसाच्या दोऱ्याला 'लिनिआ', आणि त्या लिनिआची लाइन. भिंत सरळ यावी म्हणून गवंडी ताणतो तसला दोरा. लिनन त्याच कुळातलं, ब्लाउजच्या आतलं लायनिंगही. युरोपने जवसाचा दोरा ताणून त्यातून रेल्वे काढल्या, सरहद्दी काढल्या. आम्ही मराठवाड्यातल्या माणसांनी जवस भाजलं, त्यात लसूण आणि तिखट घातलं आणि चटणी केली. कोण शहाणं ठरलं, हे ज्याने ती भाकरीबरोबर खाल्लीय त्यालाच विचारावं.

शाळेत क्रीडामहोत्सवाच्या आदल्या दिवशी पीटीचे सर हुकूम सोडत, "चला रे, फक्की घ्या आणि ग्राउंडवर लाइन मारा." दहावीचा अख्खा वर्ग खिदळायचा. पोरांना कामाचा उत्साह आहे, असं सरांना वाटे. वास्तविक लाइन मारणे यात मारण्यासारखं काहीच नसतं. सायकलचं हॅंडल धरून पानटपरीपाशी उभं राहायचं आणि क्लास सुटण्याची वेळ झाली की दुसरीकडे बघायचं. मार हा भाग पुढे मुलीचा भाऊ आला तरच. 'लाइन देणे' ही त्याच्या वरची पायरी. "ती तुला लाइन देते" ही बातमी कायम मित्राकडूनच कळायची, त्या मुलीकडून कधीच नाही. कबड्डीत चढाई करणाऱ्याने कुणाला शिवलं नाही, तर निदानरेषा तरी ओलांडावी लागते, नाहीतर तो बाद. आमच्या वर्गातले बरेच जण या नियमाने कायमचे बाद झाले.

लग्नाच्या वयाला आलो, तेव्हा लाइनीने वेगळंच रूप घेतलं. "मुलगा कुठल्या लाइनीत?" मेडिकल, इंजिनिअरिंग, बँक ही नावं मोठ्याने घ्यायची असतात. 'फिल्म लाइन' म्हणताना आपोआप आवाज खाली येतो. मी लेखन करतो, असं एका मुलीच्या आजोबांना सांगितलं. ते समजूतदारपणे म्हणाले, "ते करा हो, पण लाइन कुठली?"

आणि मुंबईत आल्यावर तर कळलं, की लाइन हे गोत्रच आहे. सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. फरक इतकाच, की इथे सगोत्र विवाह शुभ मानतात. सासर-माहेर एकाच लाइनवर असलं म्हणजे पोरंबाळं आणि पिशव्या घेऊन दादरचा पूल चढावा लागत नाही. तरीही काही धाडसी जोडपी दादरला जमायची. डिसेंबर २०२३ पर्यंत तिथे पश्चिम रेल्वेचा एक नंबर वेगळा आणि मध्य रेल्वेचा वेगळा. 'एक नंबरवर भेटू' असं ठरवून दोघं दोन एक नंबरांवर ताटकळायची आणि मग भेट होई ती भांडायलाच. पुढे मध्य रेल्वेने आपले प्लॅटफॉर्म आठपासून मोजायला घेतले. आता भांडणासाठी दुसरं कारण शोधावं लागतं.

मला विचाराल तर लाइन कुठलीही असो, ती माणसाला थांबवून ठेवते. लालबागच्या राजाला नवसाची लाइन वेगळी आणि मुखदर्शनाची वेगळी. कुठली लहान, यावर गल्लीगल्लीत तज्ज्ञ असतात आणि शेवटी दोन्हींत पाय सारखेच दुखतात. रेल्वेचं तेच. एकेरी मार्गावर गाडी सोडण्याआधी स्टेशनमास्तर पुढच्या स्टेशनकडे 'लाइन क्लिअर' मागतो. पूर्वी ती मिळाली की यंत्रातून धातूचा एक गोळा निघायचा. वेताचं कडं असलेल्या पिशवीत घालून तो ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. गोळा नाही, तर गाडी नाही. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ पासून सलग सुरू झाली, पण तिचा बराचसा मार्ग अजून एकेरीच आहे. गणपतीच्या आदल्या दिवशी गाडी कुठल्याशा लहान स्टेशनात क्रॉसिंगला निवांत उभी राहते आणि घरी मूर्ती आणायची वेळ टळत चाललेली असते, तेव्हा गोळा येतो तो प्रवाशांच्या पोटात.

आमच्या परभणीकडे लाइट जात नाही, लाइन जाते. शेतीची लाइन कधी दिवसा असते, कधी रात्री. रात्रीची असली की माणसं बॅटरी घेऊन, विंचूकाटा बघत, थंडीत पाणी द्यायला निघतात. ही सगळी सत्ता ज्याच्या हाती, तो लाइनमन. महावितरण त्याला आता 'जनमित्र' म्हणतं. नाव गोड आहे, पण डीपी जळल्यावर "जनमित्राला बोलवा रे" असं ओरडलेलं मी अजून तरी ऐकलेलं नाही.

मध्यंतरी मामांचा फोन आला. मी लोकलमध्ये, दारापाशी.

"कवाधरनं लावतोय, लाइनच लागंना तुझी!"

"बोला मामा. गव्हाला पाणी झालं का?"

"कशाचं पाणी? लाइन कुठंय? लाइनमन म्हणतो, वरूनच गेली. बरं, पोरगं यंदा बारावीला न्हवं? कुठली लाइन धरणार हाय?"

तेवढ्यात बोगदा आला. मी ओरडलो, "मामा, लाइन क्लिअर नाहीये!"

"नसंल. आजकालच्या पोरांना लवकर कळत न्हाई. पर मामी म्हणत होती, एका पोरीसंगं दिसला म्हणं फोटोत."

"अहो, मी लाइनबद्दल बोलतोय!"

"मी बी तेच इचारतोय. कोण हाय? कुठली?"

"क्लासमधली मैत्रीण आहे हो, बाकी काही नाही. वेस्टर्नची आहे, येता-जाता सोबत असते दादरपर्यंत."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"वेस्टर्नची? म्हंजे आपल्यातली न्हाई?"

"मामा, वेस्टर्न म्हणजे लाइन, ती..."

"आली! आली! लाइन आली! थांब, आधी मोटर टाकतो. मामीला सांगतो मी, तू काळजी करू नगंस."

फोन कट झाला. मग मी लावत राहिलो, पण मामा शेतात आणि फोन घरात. रात्री जेवायला बसलो, तर नांदेडहून मावशीचा फोन. आवाज अगदी हळू.

"अरे, मुलगी फॉरेनची आहे म्हणे?"