चोवीस लाखांची लपाछपी

मार्चअखेर आली की निफाड तालुक्यातल्या विंचूरच्या उपबाजारातले कांद्याचे लिलावही काही दिवस हिशेबासाठी थांबतात. दवाखाना मात्र थांबत नाही, आणि म्हणूनच बहुधा तिथला हिशेब कधी होत नाही. पेशंटला 'कधीपासून दुखतंय, काय खाल्लं होतं, घरात आधी कुणाला होतं का' असं खोदून विचारणारे डॉक्टरसाहेब सीएसमोर बसले की एकच वाक्य बोलतात : 'यंदा जरा कमीच दाखवा.' किती मिळाले ते सांगायच्या आधीच किती दाखवायचे ते ठरलेलं असतं. तालुक्यात कुठेही जा, स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरांचं करनियोजन बहुतेकदा या चार शब्दांतच आटोपतं. माझं म्हणणं असं की गावातल्या बहुतेक डॉक्टरांना जे लपवायचंय त्यावर मुळात करच लागत नाही. चोरी करायला गेलेला माणूस स्वतःच्याच घराची कौलं काढत बसलाय, आणि तेही दार उघडं असताना.

हिशेब सोपा आहे. 2016 साली सरकारने प्राप्तिकर कायद्यात 44एडीए हे कलम घातलं. त्यात डॉक्टर, वकील, वास्तुविशारद आणि घराची अंतर्गत सजावट करणारे असे सगळे एकाच बाकावर बसवले. वर्षाची जमा 50 लाखांच्या आत असेल तर निम्मी रक्कम नफा धरायची आणि उरलेली निम्मी खर्च. हा खर्च सरकार पावती न मागता मान्य करतं. (रोखीचा वाटा पाच टक्क्यांच्या वर नसेल तर ही मर्यादा 75 लाखांची होते, पण ज्या गावात फी शंभराच्या नोटेने येते तिथे ही सवलत कौतुकाने वाचण्यापुरतीच.) आता 2025-26 पासून नव्या कररचनेत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. म्हणजे दुसरं उत्पन्न नसेल तर 24 लाख जमा, निम्मा नफा 12 लाख, कर शून्य. 24 लाख म्हणजे काय? शंभर रुपये फी धरली तर वर्षातले तीनशे दिवस, रोज ऐंशी पेशंट. साथीच्या दिवसांत हा आकडा ठीक; बारमाही इतके पेशंट यायचे तर गावाची प्रकृती फारच बिघडावी लागेल. 1961 चा कायदा जाऊन 2025 चा नवा कायदा 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले, निम्म्याचा हिशेब तोच राहिला.

यावर पहिला आक्षेप ठरलेला : 'एकदा जास्त दाखवलं की दरवर्षी वाढवूनच दाखवावं लागतं.' हे वाक्य कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात नाही. पण पारावर त्याला कलमाचा मान आहे. उत्पन्न घटलं तर घटलेलं दाखवायचं, एवढंच. विंचूरला तर घटीचं कारण शोधायलाही लागत नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली आणि 4 मे 2024 पर्यंत बंदच राहिली. ज्या गावात 'कांदा विकला की देतो' या बोलीवर सलाईन लागतं, तिथे दिल्लीतली अधिसूचना थेट डॉक्टरांच्या गल्ल्यात उतरते. आणि ही उधारी घाबरण्यासारखी गोष्ट नाही. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवला तर फी ज्या वर्षी हातात पडते त्याच वर्षी ती उत्पन्न होते. न मिळालेल्या पैशांवर कर भरायला कुणी सांगत नाही. पण त्यासाठी कुणाकडून काय यायचंय आणि काय आलं हे कुठेतरी लिहिलेलं हवं.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. शहरातल्या मानसोपचारतज्ज्ञाला दोन खुर्च्या पुरतात. गावातला डॉक्टर गोळ्या-इंजेक्शनं स्वतःच्या पदरची देतो, कंपाउंडरला पगार देतो, मग दोघांचा खर्च निम्माच कसा? बरोबर आहे. निम्म्याचा अंदाज आळशी आहे. पण 24 लाखांच्या आतल्या डॉक्टरला खर्च जास्त दाखवून काय मिळणार, शून्याच्या खाली कर? त्याच्या वर जमा असेल आणि नफा खरोखर निम्म्याहून कमी असेल, तर हिशेब ठेवावा, ऑडिट करून घ्यावं आणि तसं दाखवावं. नियम 6एफमध्ये डॉक्टरांसाठी खास नमुना 3सी होता : तारीख, पेशंटचं नाव, काय सेवा दिली, किती फी, कधी मिळाली. म्हणजे केसपेपरच, फक्त त्यात पैशाचा एक रकाना. नाडीपासून साखरेपर्यंत सगळं लिहिणाऱ्या पेशाला हा एकच रकाना का सोसवत नाही, हे वैद्यकशास्त्रानेच सांगावं.

मग येतो द्राक्षबागेचा मार्ग. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून दवाखान्यातली जमा हळूच बागेत नेऊन लावायची. एक तर ते उत्पन्न करमुक्त असलं तरी दर ठरवताना हिशेबात येऊ शकतं. दुसरं, गारपीट झाली की त्याच गटनंबरचा पंचनामा झालेला असतो, भरपाईच्या यादीत नाव असतं आणि रिटर्नमध्ये मात्र विक्रमी पीक! विंचूरच्या वाइन पार्कच्या सावलीत तरी द्राक्षाचा हा स्वभाव कळायला हवा : मणी म्हणून विकला तर शेती, बाटलीत भरून विकला तर धंदा. तपासणीच्या फीचा घड होत नाही.

कमी दाखवण्याची किंमत मात्र वेगळीच वसूल होते. सोनोग्राफीचं मशीन घ्यायला कर्ज मागावं तर बँक तीन वर्षांची रिटर्न मागते आणि साहेब गरीब निघतात. नाशिकच्या रुग्णालयात व्हिजिटला जाणाऱ्यांच्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. कर शून्य असेल तर तो रिटर्न भरून परत मिळतो. न भरणारा स्वतःचेच पैसे सरकारला देणगी देतो आणि वर करचुकवेगिरीचं समाधान मिळवतो.

सल्लागारही हे सांगायला उत्सुक नसतो, आणि त्याची अडचण डॉक्टरांइतकी कुणाला कळणार? 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं सांगितलं की पेशंट फी देताना कुरकुरतो. म्हणून एक सलाईन लावावं लागतं. 'साहेब, तुमचा कर शून्य, माझी फी तीन हजार' असं सांगणाऱ्या सल्लागाराचंही तेच होतं. म्हणून तो मार्चमध्ये एक विमा पॉलिसी लावतो. नव्या कररचनेत तिची वजावट मिळत नाही. हप्ते वीस वर्षांचे असतात.