छोट्या लाइनीची मजा आणि मोठ्या लाइनीचा वेग

बालाघाटात रेल्वेचा विषय निघाला की जुन्या प्रवाशांची एक तक्रार ठरलेली असते. छोट्या लाइनीच्या गाडीत प्रवास केल्यासारखं वाटायचं, आताच्या मोठ्या गाडीत बसलोय की घरीच आहोत हेच समजत नाही! बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून सातपुडा चढत जबलपूरपर्यंत ही लाइन नेली. दोन रुळांत अंतर फक्त 762 मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. 2015 मध्ये बालाघाट-जबलपूर छोटी गाडी कायमची थांबली आणि पुढे तिथे 1676 मिलिमीटरची मोठी लाइन आली. तरुण मंडळी या तक्रारीला म्हातारपणीचा उमाळा समजून सोडून देतात. माझं म्हणणं असं की तिला भौतिकशास्त्राचा भक्कम आधार आहे. माणसाच्या शरीराला वेग कळतच नाही, कळतं ते त्वरण. आणि छोटी गाडी वेगाच्या बाबतीत कितीही चिक्कू असली तरी त्वरणाच्या बाबतीत तिचा हात फार सढळ होता.

वेग सांगतो की गाडी किती झपाट्याने आणि कोणत्या दिशेला चालली आहे. त्वरण सांगतं की हा वेग किती झपाट्याने बदलतो आहे. यातल्या दिशेकडे विद्यार्थी सहसा काणाडोळा करतात आणि मार्क तिथेच जातात. वळणावर ड्रायव्हरने काटा ताशी 30 किलोमीटरवर अगदी खिळवून ठेवला तरी दिशा बदलते, म्हणून वेग बदलतो, म्हणून त्वरण आलंच. हिशोब सोपा आहे : वेगाचा वर्ग भागिले वळणाची त्रिज्या. समजा छोटी गाडी ताशी 30 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे 8.3 मीटरने, 100 मीटर त्रिज्येचं घाटातलं वळण घेते आहे. त्वरण येतं 0.69 मीटर प्रति सेकंद वर्ग. आता मोठी गाडी ताशी 100 किलोमीटरने 1750 मीटर त्रिज्येच्या ऐसपैस वळणावरून जाऊ द्या. त्वरण येतं जेमतेम 0.44. म्हणजे तिपटीहून जास्त वेगाची गाडी प्रवाशाला कमी हलवते. त्यात छोट्या गाडीचं चरेगाव, लामटा करत थांबणं आणि पुन्हा निघणं धरा. दर वेळी शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं आपटणार, ओळख होणार आणि नैनपूर येईपर्यंत सोयरिकीची बोलणी सुरू होणार. नुसत्या वेगाने असली नाती जुळत नाहीत.

शरीराला वेग कळत नाही, याचा पुरावा बालाघाटात कुठेही बसल्या जागी मिळतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे सुमारे 22 अंश अक्षांशावरचं हे गाव ताशी साधारण 1550 किलोमीटर वेगाने पूर्वेकडे धावत असतं. तरी चहाच्या टपरीवरचा कप हिंदकळत नाही, कारण या फिरण्याचं त्वरण आहे फक्त 0.03. दुसरा पुरावा भरवेलीच्या मँगनीज खाणीतला. भूमिगत खाणीत उतरणारा पिंजरा निघतो त्या क्षणी पोटात खड्डा पडतो आणि तळाशी थांबताना गुडघ्यांवर भार येतो. मधल्या एकसारख्या उतरणीत काहीच जाणवत नाही, माणसाचं वजनही जमिनीवरच्याइतकंच भरतं. याचं कारण आपल्या आतल्या कानात आहे. तिथे चिकट थरावर चुन्याचे अगदी बारीक खडे असतात. वेग बदलला की ते जरा मागे रेंगाळतात, तेवढीच बातमी मेंदूला पोचते. वेग कायम असला की खडे गप्प आणि मेंदू निवांत.

यावर कोणी म्हणेल, खिडकीतून वारा लागतो, झाडं मागे पळतात, मग वेग कळला नाही कसा? कळला, पण तो डोळ्यांना आणि गालांना. वातानुकूलित डब्याची काच बंद करून पडदा ओढा, की ही साक्षही फिरते. दुसरा आक्षेप जास्त हुशार मुलं घेतात : वेग शून्य असेल तर त्वरणही शून्यच असणार ना? चिंचा पाडायला वर भिरकावलेला दगड पाहा. अगदी टोकाला पोचतो त्या क्षणी त्याचा वर जाण्याचा वेग शून्य होतो, त्वरण मात्र खालच्या दिशेने 9.8 च असतं. तेही शून्य झालं असतं तर दगड तिथेच लटकून राहिला असता, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीअखेर वैनगंगेकाठच्या प्रत्येक चिंचेवर दगडांचं छत दिसलं असतं.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा : हा फरक कळून आमचा काय फायदा? फायदा आहे, आणि तो थेट खिशाशी आहे. ब्रेक लागला की प्रवासी पुढे झुकतो, गाडीचा वेग कमी होतो. पण गाडी पुढेच जात असते, गोंदियाकडे उलटी निघत नाही. त्वरण मागच्या दिशेला, वेग पुढच्या दिशेला, आणि दोघांचं एकाच डब्यात छान जमतं. महागाईचा दर 6 टक्क्यांवरून 4 टक्क्यांवर आला, अशी बातमी येते तेव्हा नेमकं हेच घडलेलं असतं. किमती वाढतातच आहेत, वाढण्याचा झपाटा तेवढा ओसरला आहे. पण आपण मथळा वाचतो, स्वस्ताई आली असं समजून पिशवी उचलतो आणि बाजारात जाऊन दुकानदाराशी भांडतो. ब्रेक लागल्याचं सरकार सांगतं ते खोटं नसतं, आणि गाडी पुढेच चालली आहे हे दुकानदार सांगतो तेही खोटं नसतं. फरक एवढाच, की तूरडाळीच्या भावाने तो वेग शिकवतो आणि फीही लगेच हातावर घेतो.