बोलकी ट्रॅम आणि मावशी

ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोमध्ये पर्यटकांसाठी जुनी ट्रॅम धावते आणि धावताना बोलते. म्हणजे ध्वनिमुद्रित आवाज गावाचा इतिहास सांगत राहतो. माझी दादरची मावशीही बोलते. दोघींची गाठ सेंट्रल डेबोरा खाणीच्या थांब्यावर पडली.

१८५१ मध्ये इथल्या ओढ्याकाठी सोनं सापडलं आणि जगभरातून माणसं धावत आली, हे ऐकल्यावर मावशी मोठ्यानं म्हणाली, "येणारच. फुकट होतं ना!"

फुकट कसलं? सोनं लागो न लागो, खणायच्या परवान्याचे महिन्याला तीस शिलिंग मोजावे लागत. १८५३ मध्ये खाणवाल्यांनी टोप्यांना लाल फिती बांधून त्याचा निषेध केला होता.

"आणि या खाणीतून किती निघालं?"

"१९३९ ते १९५४ मध्ये जवळजवळ एक टन."

"तोळ्यात सांग."

"दहा ग्रॅमचा धरला तर लाखभर तोळे."

मावशी हातातल्या पाटल्यांकडे बघत गप्प झाली. तेवढ्यात ट्रॅमनं कॅथेड्रल आणि अलेक्झांड्रा कारंजं उरकून घेतलं.

शॅमरॉक हॉटेलपाशी मात्र कान टवकारले गेले. खाणीतले लोक इथं प्यायला येत, त्यांच्या बुटांना चिकटलेली सोन्याची धूळ जमिनीवर पडे आणि झाडलोटीत मालकाला रोजची वेगळी कमाई होई, अशी आख्यायिका आहे. मला विचाराल तर खरी खाण हीच. आत उतरायला नको, सुरुंग नको, गिऱ्हाईक आपल्या पायानं सोनं आणून टाकतंय, वर बिअरचे पैसे देतंय.

मावशीला वेगळंच समाधान झालं. "तिन्हीसांजेनंतर केर काढू नये, लक्ष्मी जाते, म्हणून मी सांगते तेव्हा तुम्ही हसता!"

डेपोत ट्रॅमचीच कुळकथा निघाली. १८९० मध्ये इथं बॅटरीवरच्या ट्रॅम आणल्या. त्या तीन महिनेही टिकल्या नाहीत. मग वाफेच्या आल्या, १९०३ पासून विजेच्या. "माझ्या फोनच्या बॅटरीचं तेच झालंय," मावशी म्हणाली. १९७२ मध्ये शहरातली ट्रॅमसेवा बंद झाली आणि त्याच वर्षी पर्यटकांसाठी पुन्हा सुरू झाली, हे कळल्यावर ती हळहळली. मुंबईची शेवटची ट्रॅम १९६४ च्या ३१ मार्चला बोरीबंदरहून दादरला आली, ती गेली ती गेलीच.

शेवटच्या थांब्याला चिनी लोकांचं लालभडक जॉस हाउस मंदिर आहे. ड्रायव्हर हँडल काढून दुसऱ्या टोकाला गेला आणि ट्रॅमचं ढुंगण हेच तोंड झालं. मावशीनं दारात चपला काढल्या. 'राहू द्या' म्हणणाऱ्या बाईंकडे तिनं कीव केल्यासारखं पाहिलं.

१८५५ मध्ये बेंडिगो ज्या वसाहतीत होतं त्या व्हिक्टोरियानं बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसावर दहा पौंडांचा कर बसवला. मग हजारो जण शेजारच्या दक्षिण ऑस्ट्रेलियात रोबला उतरले आणि चारशे किलोमीटरहून जास्त चालत सोन्याच्या गावांना आले.

"कर वाचवायला एवढं चालले? शहाणी माणसं," मावशी म्हणाली. टॅक्सीचे पैसे वाचवायला ती दादरहून माहीमपर्यंत चालते.

आत ग्वान दी हा देव. युद्धाचा, पण व्यापारीही त्याला भरभराटीसाठी पुजतात. मावशीनं डोळे मिटून हात जोडले.

"काय मागितलंस?"

"सोन्याचा भाव."

"उतरू दे की चढू दे?"

"घेतलेल्याचा चढू दे, घ्यायच्याचा उतरू दे," मावशी म्हणाली. "कसं करायचं ते त्याचं तो बघेल."