ओढून पाहणारे

विद्यार्थ्यांच्या ॲपमधून गुणपत्रिका फुटतात असं वाचलं की मी स्वतःपुरता निश्चिंत असतो. माझी गुणपत्रिका चोराने उघडलीच, तर तो कळवळून पदरचे चार मार्क ठेवून जाईल. तरी पासवर्ड म्हणून मी जन्मतारीख घालतो; जणू शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंत ती कुठेच नोंदलेली नाही! वास्तविक मराठी माणूस जन्मजात सिक्युरिटी टेस्टर. गावाला निघताना नवताल कुलूप लावायचं, ओढायचं, जिना उतरायचा, रिक्षा थांबवून पुन्हा चढायचं, पुन्हा ओढायचं. आणि एसटी घाटाला लागली की घरच्यांना विचारायचं, ‘ओढलं होतं ना?’ मागच्या न्हाणीची कडी मात्र कुणी ओढत नाही. ॲपचंही तेच. पुढच्या दारात ओटीपीचा दिमाख, पण माहिती असते मागे, सर्व्हरवर. तिथे जाणारी मागणी आपल्याच फोनवर अडवून, आपला पीआरएन, म्हणजे नोंदणी क्रमांक, खोडून शेजारच्या बाकाचा घालता येतो. अशा वेळी सर्व्हरने विचारायला हवं, ‘हे तुझंच का?’ फट असेल तर तो एवढंच विचारतो, ‘लॉगिन केलंस ना? मग घे.’ ओवास्प या सॉफ्टवेअर-सुरक्षेच्या संस्थेने काढलेल्या एपीआयच्या, म्हणजे ॲप-सर्व्हर देवाणघेवाणीच्या, धोक्यांच्या यादीत २०१९ आणि २०२३, दोन्ही वेळा हाच दोष पहिला आला. एवढं सातत्य आम्हाला कुठल्याच विषयात जमलं नाही.

‘मार्क पाहून कोण काय करणार?’ असं कुणी म्हणेल. पण त्याच खात्यात जातीचा दाखला असतो, वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला असतो, शिष्यवृत्तीचं बँक खातं असतं. बापाची वर्षाची कमाई किती, हे मुलगी मैत्रिणीलाही सांगत नाही. कॉलेजने मागितली म्हणून तिने ती विश्वासाने दिलेली असते. तो आकडा उघडा ठेवायचा अधिकार कुणालाही नाही, आणि यावर विनोद मला सुचत नाही.

‘म्हणून काय कुणीही येऊन कड्या ओढायच्या?’ हा आक्षेप रास्त आहे. आपल्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेही संगणकात विनापरवानगी शिरणाऱ्याकडून भरपाई मागता येते. पण माल्टात २०२२ साली संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी ‘फ्रीअवर’ या विद्यार्थी-ॲपमधली फट शोधून कंपनीला कळवली, तर पोलिसांनी त्यांनाच धरलं. माफी मिळायला २०२५ उजाडलं. कडी निघाली आहे असं सांगणाऱ्या शेजाऱ्यालाच चौकीत बसवलं, तर पुढचा शेजारी गप्प बसणार. चोराला मात्र परवानगीचा अर्ज भरायचा नसतो. म्हणून विद्यापीठांनीच लेखी बोलावणं द्यावं: ओढा, पण इतपतच, निघालं तर या पत्त्यावर कळवा, खटला भरणार नाही. मीही सुधारलो आहे. जन्मतारीख आता उलटी लिहितो. ही ओळ संपादकांनी कृपया गाळावी.