शेजारी बसणाऱ्याचा शोध

गाडीचा वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोल चालवणाऱ्याच्या सोयीसाठी काढला, असा सगळ्यांचा समज. खरे तर तो शेजारी बसलेल्या माणसाने वैतागून लावलेला शोध आहे. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातले इंजिनिअर राल्फ टीटर पाचव्या वर्षी अंध झाले. गोष्ट अशी सांगतात, की त्यांचे वकील त्यांना गाडीतून न्यायचे आणि वकीलच ते, वाटभर बोलायचे. बोलताना पाय ढिला पडे, ऐकताना पुन्हा दाबला जाई. डोळस माणूस खिडकीबाहेर बघून हे सोसतो. टीटरना मात्र हिसक्यांशिवाय काही लक्ष द्यायला नव्हते. 1950 साली त्यांना पेटंट मिळाले आणि 1958 मध्ये क्रायस्लरच्या गाडीत ते यंत्र बसले.

टीटरनी आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या मामांशेजारी बसून पाहायला हवे होते. मामांचा वेग विषयावर ठरतो. मोपाचा विमानतळ, त्यात कुणाची जमीन गेली आणि टॅक्सी कुणाला मिळाली, हे निघाले की काटा 80वर. शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेवर आले की गाडी आपोआप सोवळ्यात, 30वर. आणि आपण काही विचारले तर उत्तर देताना मामा आपल्याकडे बघतात, रस्त्याकडे नाही.

यंत्र तसे साधे. चाकांचा वेग सेन्सर कळवतो, आपण ठरवलेला वेग यंत्राच्या लक्षात असतो. दोन्हींत तफावत दिसली की ते थ्रॉटल उघडते किंवा मिटते. चढ लागला की इंजिनाला जास्त खुराक, उतार लागला की कमी. पण तफावत दिसली म्हणून एकदम पेडल ठोकत नाही. ती किती आहे, किती वेळ टिकली आणि किती झपाट्याने बदलतेय, एवढे पाहून हलकेच हात घालते. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या इंजिनावर वेग सांभाळणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, त्याच घराण्यातले हे.

मला त्याचा एक गुण फार आवडतो. ब्रेकला नुसता पाय लागला, की ते कारभार सोडून बाजूला होते. हातगिअरच्या गाडीत क्लच दाबला तरी तेच. इतक्या सहज खुर्ची सोडणारे दुसरे काही गोव्यात तरी माझ्या पाहण्यात नाही. वेग मात्र लक्षात ठेवते. पुन्हा बोलावले, की रुसवा न धरता कामाला लागते.

आता आमचा रस्ता. पत्रादेवीचा नाका ओलांडून धारगळपर्यंत महामार्ग रुंद आहे, तिथे यंत्राला थोडे काम मिळते. कोलवाळचा पूल ओलांडून थिवीकडे वळलात, की अस्नोडा, मुळगाव, डिचोली असे करत ते निवृत्तच होते. वळणामागे गाय, गायीमागे खाजगी बस, बसमागे पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल. स्पीडब्रेकर तर घरातल्या उंबऱ्यांइतके जवळजवळ. बहुतेक गाड्यांत ताशी 40च्या आसपास वेग असल्याशिवाय हे यंत्र हातच लावत नाही, आणि डिचोलीच्या बाजारात 40ने जाणाऱ्याला लोक नावानिशी ओळखतात. ज्या यंत्राची गरज मामांसारख्या बोलक्या चालकांमुळे आम्हालाच जास्त, त्याला आमचे रस्ते टिकू देत नाहीत. पुढच्या गाडीवर रडारने नजर ठेवून वेग कमी-जास्त करणारा नवा प्रकारही आला आहे. पण डाव्या बाजूने अचानक घुसणारा पायलट, म्हणजे आमचा मोटारसायकल टॅक्सीवाला, त्याला कितपत झेपेल, शंका आहे.

पावसात तर बटण दाबूच नका. पाण्यावर चाक घसरून मोकळे फिरायला लागले, तर यंत्राचा हिशेब चुकतो आणि आपला पाय पेडलपासून लांब असतो. आणि मामांच्या गाडीत बसायची पाळी आलीच, तर अस्नोड्याच्या वळणांवर त्यांना काही विचारू नका. विचारायचे ते डिचोलीत उतरल्यावर, चहा घेताना विचारा.