निम्म्या बिलाची रोषणाई

राजापूर तालुक्यात दर वाडीला एक भजनीबुवा असतो, एक गाऱ्हाणं घालणारा असतो आणि एक लायटिंगकाका असतो. पहिल्या दोघांना मान मिळतो. तिसऱ्याला फक्त शिडी मिळते, तीही शेजाऱ्याची.

आमच्या वाडीतल्या लायटिंगकाकांचं खरं नाव मतदार यादीत आहे आणि विजेच्या बिलावर आहे. यादीकडे ते पाच वर्षांतून एकदा बघतात. बिल मात्र ओटीवरच्या खिळ्याला कायम टांगलेलं असतं, कालनिर्णयाच्याही वर. शंभर युनिटपर्यंत दर कमी आणि त्यापुढे एकदम चढा, हे महावितरणचं कोष्टक त्यांना तोंडपाठ. वर्षभर ते शंभराच्या आत राहतात. ज्या खोलीत माणूस नाही तिथे दिवा नाही. माणूस असला आणि तो नुसताच बसलेला असला, तरी दिवा नाही. पण गणपती जवळ आले की याच माणसाला आपलं घर मुंबई-गोवा हायवेवरून दिसावं असं वाटायला लागतं. रोषणाई तर झाली पाहिजे आणि आकडा शंभर ओलांडता कामा नये! या दोन अटींच्या मधल्या फटीत काकांची सगळी प्रतिभा राहते.

श्रावण लागला की माळ्यावरून पत्र्याची ट्रंक खाली उतरते. तिच्यात बारक्या बल्बच्या जुन्या माळा, ट्यूबलाइटचे निकामी स्टार्टर, रंगीत जिलेटीन कागद, काळी चिकटपट्टी आणि शिगरेटच्या पाकिटातल्या चांदीच्या घड्या. काका शिगरेट ओढत नाहीत. रिकामी पाकिटं ते एसटी स्टँडवरून गोळा करून आणतात. त्यापायी त्यांच्याबद्दल एकदा वाईट बोललंही गेलं, पण त्यांनी खुलासा केला नाही. खुलासा केला असता तर चांदीला गिऱ्हाइकं वाढली असती.

चांदीचं काम असं. जुन्या माळेत सहा-सव्वासहा व्होल्टचे छत्तीसेक बल्ब एकाला एक जोडलेले असतात. सगळे मिळून घरातली २३० व्होल्टची वीज वाटून घेतात. एक बल्ब गेला की वाट तुटते आणि अख्खी माळ विझते. मग काका टेस्टर घेऊन पाटावर बसतात आणि एकेक बल्ब तपासत जातात. गुन्हेगार सापडला की नवा बल्ब आणायचा, ही सामान्य माणसाची रीत. काका त्याच्या जागी चांदीची गोळी दाबून बसवतात. वाट जोडली जाते, माळ पेटते, खर्च शून्य. मेख एवढीच की मेलेल्याच्या वाट्याची वीज उरलेल्यांना घ्यावी लागते. ते जरा जास्त तेजानं जळतात आणि जरा लवकर मरतात. पुन्हा चांदी. असं करत करत त्यांच्या एका माळेत अठ्ठावीसच बल्ब उरले. त्या वर्षी गणपतीसमोर ते असे काही तळपले की आरतीला आलेली मंडळी डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

यावर काकांनी जो तोडगा काढला, तो त्यांच्या आयुष्यातला सर्वात मोठा शोध. त्यांनी दोन माळा एकापुढे एक जोडल्या. आता तीच वीज दुप्पट बल्बांत वाटली गेली, बल्ब जळायचे थांबले आणि खर्च तर निम्म्याच्या आसपास आला. दोन माळा, निम्मं बिल! फक्त उजेड पडेना. तारा लालसर व्हायच्या आणि तिथेच थांबायच्या.

‘‘काका, माळ चालू आहे की बंद?’’ मी विचारलं.

‘‘हात लावून बघ. कोमट लागली तर चालू.’’

‘‘पण दिसत नाही हो काही.’’

‘‘अरे, दिसायला ट्यूब आहे ना! लायटिंग आहे एवढं लोकांना कळलं म्हणजे झालं.’’

लोकांना ते कळावं म्हणून काका प्रत्येकाला ओटीवर थांबवून माळ दाखवतात. त्यांच्याकडे रोषणाई बघायची नसते, ऐकायची असते.

लखलखाट करण्याच्या बिनखर्ची वाटाही त्यांच्याकडे आहेत. मखराच्या मागे कपाटाचा आरसा उभा करतात, की अर्धी माळ अख्खी दिसते. आरशातल्या माळेला मीटर लागत नाही, हे त्यांचं आवडतं वाक्य. आरशाच्या दोन्ही बाजूंना काकूंचा लग्नातला जरीचा शालू पसरतात; जर काय फुकटच चमकते. उघडझाप हवी असेल तर साध्या पिवळ्या बल्बच्या वाटेत ट्यूबचा जुना स्टार्टर अडकवतात आणि बल्ब डोळे मिचकावायला लागतो. माळेतला जो ‘मास्टर’ बल्ब असतो, ज्याच्या पोटातली पट्टी तापून वाकते, वीज तोडते, निवली की पुन्हा जोडते, तो तर काकांनी वर्षभर काकूंच्या हळदीकुंकवाच्या करंड्यात कापसात गुंडाळून ठेवलेला असतो. काकूंचं कुंकू प्लास्टिकच्या डबीत. उघडझाप करणारी माळ अर्धा वेळ बंद असते, म्हणजे बिल पुन्हा निम्मं, हा हिशोब सांगताना त्यांचा चेहरा बघण्याजोगा होतो. २०१८ साली सरकारनं थर्माकोलवर बंदी घातली, तेव्हा तालुक्यात मनापासून खूश झालेले एकटे काकाच असावेत. मखरावर खर्च न करण्याला आता कायद्याचा आधार होता.

प्लग मात्र त्यांच्या एकाही माळेला नाही. उघड्या तारा सॉकेटच्या भोकांत घालून वर काडेपेटीच्या काड्या ठोकायच्या, ही जुनी पद्धत. हे वाचून कुणी करू नये, आमच्या जांभ्याच्या भिंती भाद्रपदात ओल्या असतात आणि वीज नातं बघत नाही. काका स्वतः रबरी स्लिपर घालून मगच हात लावतात. देवापुढे चपला घालून उभं राहण्याची परवानगी वाडीत त्यांना एकट्यालाच आहे.

खरेदीचा त्यांचा हंगामही वेगळा. अर्जुना आणि कोदवली फुगल्या की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी शिरतं, हे आता बातमी म्हणूनही कुणी वाचत नाही. व्यापारी माल वर चढवतात, तरी काही भिजतोच. पाणी ओसरलं की काका छत्री घेऊन बाजारात हजर. एका वर्षी त्यांनी भिजलेल्या माळांचं अख्खं खोकं चहाच्या पैशात आणलं. पावसात वाळवायच्या कुठे? चुलीवर बांधलेल्या दोरीवर, सुकटीच्या शेजारी. माळा वाळल्या, पण चतुर्थीच्या आदल्या दिवशी गणपतीवरच्या माटवीला कवंडळं, तेरडा, शेरवडं, नारळ बांधून झाल्यावर काकांनी त्यांत माळ गुंफली आणि घरभर सुकटीचा घमघमाट सुटला.

‘‘अहो, उद्या देव बसायचाय तिथे!’’ काकू कडाडल्या.

आमच्याकडे शुद्धीकरणाला लांब जावं लागत नाही. उन्हाळे गावची गंगा साधारण तीन वर्षांनी चौदा कुंडांतून प्रकटते, मनात येईल तितके दिवस राहते आणि जाते. आमची पावसाळ्यातली वीजही तिच्याच वळणावर गेली आहे. तेव्हा प्रत्येक घरात गंगेची बाटली असतेच. काकूंनी ती देवघरातून काढली आणि माळेवर सढळ हातानं शिंपडली. काकांनी, सवयीनं, लगेच बटण दाबलं. ठाप्‌ असा आवाज झाला, किटकॅट फ्यूजमधली तार वितळली आणि घर काळोखात गेलं.

‘‘गंगा आली, लाइट गेली,’’ काका अंधारातून एवढंच म्हणाले.

काटकसर हा त्यांचा स्वभाव नसून धर्म आहे, हे एकदा धरलं की त्यांची बाकीची मतंही उलगडतात. राजापूरला कोदवलीच्या सायबाच्या धरणाचं पाणी नुसत्या उतारानं येतं, पंपाची गरज नाही. काकांच्या मते इंग्रजानं राजापुरात केलेलं शहाणपणाचं काम हे एकच. वखार घातली ती १६६१ साली शिवाजी महाराजांनी खणून काढली. धरण राहिलं, कारण त्याला मीटर नव्हता. याच तालुक्यात माडबनला जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाचे १६५० मेगावॉटचे सहा संच, एकूण ९९०० मेगावॉट, योजले गेले. त्यावर गावात वर्षानुवर्षं भांडणं झाली. काकांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि एकच प्रश्न विचारला, ‘‘फुकट देणार आहेत का?’’

त्यांच्या श्रद्धेला खरा तडा गेला तो शून्याच्या बल्बामुळे. देवघरात हा बल्ब त्यांनी कित्येक वर्षं रात्रंदिवस जाळला. नावातच शून्य, मग खाणार काय? जुन्या चकतीच्या मीटरवर एवढा बारीक भार धड नोंदला जात नसे, म्हणून तो शून्याचा, असं जाणकार सांगतात. प्रत्यक्षात तो पंधराएक वॉट खातो. आकड्यांचा नवा मीटर बसला आणि त्यानं महिन्याला दहा-अकरा युनिटं काकांच्या पदरात टाकली. आपल्याच देवघरात आपली फसवणूक झाली, या दुःखातून ते दोन महिने सावरले नव्हते.

मग मुंबईहून पुतण्या आला. लोहार चाळीतून त्यानं एलईडीच्या माळा आणल्या होत्या, शंभराच्या आत एक. ओटीवर बसून त्यानं हिशोब मांडला. ‘‘काका, ही पाच वॉट खाते. रोज आठ तास, गौरी-गणपतीचे पाच दिवस. एकूण पाव युनिटसुद्धा नाही. तुमची जुनी माळ धड पेटली तर पस्तीस वॉट.’’ काकूंनी त्यात भर घातली: डाग द्यायची कथिलाची तार, चिकटपट्टी, बाजारात जायचं एसटीचं भाडं. काकांच्या फुकट रोषणाईचा खर्च चार नव्या माळांइतका भरला.

काकांनी नवी माळ हातात घेतली, उलटसुलट केली, एका दाण्याला नखानं टोकरून पाहिलं.

‘‘बल्ब निघत नाही?’’

‘‘नाही. सीलबंद असतं.’’

‘‘बिघडली तर?’’

‘‘फेकायची. नवी घ्यायची.’’

काकांनी ती पुतण्याला परत दिली. ‘‘मग हिच्यात माणसानं करायचं काय?’’

पैसे वाचवायला हा मनुष्य माळा दुरुस्त करतो, असं वाडीत सगळे समजतात. मला ते पटत नाही. काकांचा गणपती चतुर्थीला येतच नाही. तो श्रावणात, ट्रंक उघडली की येतो. पाटावर बसून छत्तिसांतला एक शोधायचा, सापडला की काकूंना हाक मारायची आणि त्यांनी ‘‘बरं बरं’’ म्हणायचं, हा त्यांचा सण. बिलाचं निमित्त पुढे केलं नाही तर शहाणीसुरती माणसं महिनाभर असं बसू देत नाहीत.

आता त्यांच्या घरावर बाहेरून पुतण्याच्या एलईडी लागतात आणि हायवेवरून घर खरंच दिसतं. आत माटवीवर मात्र जुनी जोडमाळ असते, कोमट. दिवाळीला तीच चिवारीच्या काड्यांच्या आकाशकंदिलात जाते. पंचाईत एवढीच की तसे बारके बल्ब आता बाजारात सहसा मिळत नाहीत आणि शिगरेटवालेही सुटी शिगरेट घेतात, पाकीट टाकत नाहीत. तेव्हा तुमच्या माळ्यावर एखादी विझलेली जुनी माळ पडली असेल, तर ती भंगारात घालू नका. राजापूरकडे येणाऱ्या कुणाबरोबर पाठवून द्या. टपालानं पाठवणार असाल, तर तिकिटं तेवढी पुरेशी लावा. कमी पडली तर काका पार्सल सोडवणार नाहीत.